थंड्या कपाटातली खीर

ज्या माणसानं बीएस्सीच्या चाळीस पोट्ट्यांले माश्यांसमोर हात जोडून उभं केलं होतं, त्या नागसेनची मान खाली गेलेली भिलाईच्या मरोदा वस्तीत कोणी पाह्यली नव्हती.

नागसेन कॉलेजच्या फ्लाय रूमचा अटेंडंट. म्हणजे जिथं अभ्यासासाठी फळमाश्या पाळतात, त्या खोलीचा. पंधरा वर्षं ठेक्यावर. वय अठ्ठेचाळीस, पोट जरा पुढं, मिशी काळी केलेली, आणि चेहरा असा गंभीर का बँकेचा मॅनेजरही खुर्चीतून उठावा. दरवर्षी नवीन पोट्टे आले का पहिल्याच दिवशी तो सांगे, "हे पाहा, माशी लाजाळू जीव हाय. सकाळी हात जोडून गुड मॉर्निंग नाही म्हटलं त अंडे देत नाही." पोट्टे म्हणत. एका बॅचनं त सहा महिने म्हटलं. शेवटी परीक्षेले बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे काय चाललं आहे? तवा भांडं फुटलं. नागसेन मागं उभा राहून मक्याचं पीठ चाळत होता, जसा काही तो त्या गावचाच नाही.

एकदा त्यानं फ्लाय रूमच्या मुख्य विजया मॅडमच्या खुर्चीवर चिठ्ठी लावली, 'रंग ओला आहे'. मॅडम अर्धा दिवस उभ्यानं पेपर तपासत होत्या. रागावल्या, पण त्याले कामावरून काढलं नाही. कारण माश्यांचं जेवण नागसेनसारखं कोणालेच रांधता येत नव्हतं. मक्याचं पीठ, यीस्ट, साखर, अन् घट्ट व्हाले अगर पावडर. मोठ्या गंजात रटरट शिजवाचं आणि काचेच्या वायलमंदी, म्हणजे बारक्या बाटल्यांमंदी, बोटबोटभर ओताचं. त्याच्या हातचं खाऊन माश्या अशा फुगत का जसा जावाई सासरवाडीले राहून आला.

त्या खोलीत मोनाली काम करे. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, बाप यार्डात गाड्या जोडणारा. पीएचडी करून राहिली होती. घरी मराठी, बाहेर हिंदी, रागात दोन्ही. नागसेनले काका म्हणे, आणि नागसेनले त्याचा भलताच अभिमान. वस्तीत सांगत फिरे, "आपली पोट्टी डॉक्टर होऊन राहिली. इंजेक्शनवाली नाही, त्याच्या वरची."

एक दिवस तिनं विचारलं, "काका, तुमाले सांगू मी काय करून राहिली?"

"सांग. पण सोपं सांग. माह्यं डोकं ठेक्यावरचं हाय, परमनंट नाही."

"पेशी एकमेकीसंग बोलतात, बराबर? समजा प्रत्येक पेशीच्या दारावर एक घंटी हाय. शेजारीण येते, घंटी दाबते, आत खबर जाते. 'बाई, हे काम मी करून राहिली, तू दुसरं पाहा.' त्या घंटीले आम्ही रिसेप्टर म्हणतो. माह्यावालीचं नाव नॉच."

"बरं."

"त्या घंटीवर साखरेचे बारीक कण चिकटवलेले असतात. ते चिकटवणारं एक जीन असते. माह्या माश्यांमंदी तेच बिघडलेलं हाय. म्हणजे घंटी हाय, पण बिनसाखरेची."

"मंग वाजत नसन."

"वही तो मज़ा है, काका! अठरा डिग्रीत ठेवलं त वाजते. एकोणतीस झालं का ढेपाळते."

नागसेननं गंजातला झारा थांबवला. "मंग हे त खळ घालून कलप केलेल्या कुर्त्यासारखं झालं. कलप असला त कुर्ता भर उन्हात ताठ. बिनकलपाचा थंडीत बरा दिसते, अन् घाम आला का अंगाले चिपकला."

मोनालीनं टाळीच वाजवली. "काका, ये तो मैं सेमिनार में बोलूँगी!"

"बोल. पण खाली माह्यं नाव टाकजो."

घंटी वाजली का नाही हे माशीच्या पाठीवर दिसे. वाजली त पाठीवर बारीक काळे केस रांगेत उभे. नाही वाजली त केस व्हायच्या पेशी भलतंच होऊन बसत, आणि पाठ टकली. जानेवारीत मोनालीनं अठरा डिग्रीतल्या दोनशे बारा माश्या मायक्रोस्कोपखाली एकटीनं मोजल्या. एकही टकली नाही. त्या दोनशे बारावर तिची पूर्ण पीएचडी उभी होती.

आता त्या अठरा डिग्रीचं.

फ्लाय रूमच्या कोपऱ्यात एक इनक्युबेटर होता. काचेच्या दाराचा, माणसाएवढा उंच. नागसेन त्याले 'थंडं कपाट' म्हणे. बाहेर मे महिन्याची भिलाई तव्यासारखी तापली तरी आत बाराही महिने अठरा. दारावर लाल आकडा दिसे, पण जुनं मशीन, काल काय होतं ते त्याले आठवत नसे. म्हणून बाजूले क्लिपबोर्डवर चार्ट. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा पाहाचा, लिहाचा, सही कराची. आठवड्याचं एक पान. खाली 'तपासले' म्हणून मॅडमची सही. हे काम नागसेनचं.

पहिली दोन वर्षं त्यानं इमानानं पाह्यलं. अठरा. अठरा. अठरा. सातशे दिवस एकच आकडा पाहून माणसाचं डोकं आपोआप पुढं पळते. मंग तो सोमवारीच आठवडा भरू लागला. मंग एकतारखेले महिना. आता त तो तीन-तीन महिन्यांचे पानं एका दुपारी भरून खाली लावून ठेवे. सगळं एकाच पेननं लिहिलं का पकडल्या जाते, म्हणून दोन पेन, निळा आणि काळा, आलटून पालटून. कधी सही तिरपी, कधी सरळ. एखाद्या पानावर चहाचा डाग. या कारागिरीवर तो मनातल्या मनात खुश होता. हा त्याचा सर्वात मोठा मजाक होता, आणि दुःख एवढंच का कोणाले सांगता येत नव्हता.

बुद्ध पौर्णिमेले मरोद्याच्या विहारात खीरदान असते. यंदा रांधायची जबाबदारी नागसेन आणि रुक्माबाईची. रुक्माबाई म्हणजे विहाराच्या महिला मंडळाची मुख्य, आवाज असा का लाऊडस्पीकरनं रजा घ्यावी. पौर्णिमा बारा मेले. अकराच्या दुपारी दोघांनी पंचवीस लिटर दुधाची खीर रांधली. तांदूळ, साखर, काजू, इलायची. आणि मंग प्रश्न पडला, सकाळपर्यंत ठेवाची कुठं? बाहेर चव्वेचाळीस डिग्री. दूध फाटणार. घरच्या फ्रीजमंदी एक टरबूज कसंबसं मावते.

"अरे नागसेन, तुह्या कॉलेजात मोठ्ठं फ्रीज हाय ना?" रुक्माबाई म्हणाली.

"फ्रीजमंदी जहर हाय," नागसेन म्हणाला, आणि मिशीतल्या मिशीत हसला. "पण माह्याजवळ दुसरी जागा हाय. एकदम फर्स्ट क्लास. मच्छर नाही, उंदीर नाही."

संध्याकाळी पाच वाजता, रविवारच्या सुट्टीत, त्यानं गरमागरम खिरीचे दोन गंज ऑटोतून आणले आणि थंड्या कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवले. वरच्या फळ्यांवर मोनालीच्या वायल उभ्या. दार लावलं. कपाटाचं इंजिन घुरघुरू लागलं. "एका रातीची त गोष्ट हाय, भाऊ," असं म्हणून त्यानं कपाटाले थोपटलं.

सकाळी सातले गंज काढाले आला तवा लाल आकडा एकोणतीस दाखवून राहिला होता. नागसेननं पाह्यलं. वायलमंदी माश्या उडत होत्या, ज्यातून नव्या माश्या निघतात ते कोश काचेले चिकटून होते, कोणी मेलं नव्हतं. 'होईन कमी,' म्हणाला. चार्टवर त्या सकाळचे अठरा एप्रिलमंदीच लिहिलेले होते.

खीर अशी झाली होती का लोकांनी बोटं चाटली. मोनाली चरोद्यावरून मायसंग आली होती, दोन वाट्या खाल्ल्या. "काका, आपके हाथ में जादू है," म्हणाली. नागसेनचा म्हातारा बाप धोंडबा, साखरेचा पेशंट, त्यानं तीन वाट्या हाणल्या आणि कोणाच्या नजरेले नजर दिली नाही.

पंधरा दिवसांनी मोनाली मायक्रोस्कोपवरून उठली तवा तिचा चेहरा पांढरा पडला होता. एकशे ऐंशी माश्यांपैकी एकसष्ट टकल्या. पाठी अशा गुळगुळीत का नुकतंच मुंडण झालेलं पोर. तिनं चार वेळा मोजल्या. बाजूच्या वायलमंदल्या साध्या माश्या, ज्यांच्या घंटीवर साखर होती, त्या सगळ्या केसाळ.

"काका," तिनं माश्यांच्या वयाचा हिशेब लावून विचारलं, "पौर्णिमेच्या आदल्या रातीले लाइट गेली होती का?"

नागसेन सिंकवर बाटल्या घासत होता. लाल आकडा त्याच्या डोयासमोर आला, दोन आणि नऊ. बोलाले तोंड उघडलं, आणि तोंडातून पंधरा वर्षांची सवय बाहेर पडली.

"नाही बाप्पा. चार्टमंदी पाहा ना, लिहिलेलं असन."

मोनालीनं चार्ट पाह्यला. अकरा मे संध्याकाळ, अठरा, काळा पेन. बारा मे सकाळ, अठरा, निळा पेन. तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं, आणि गुपचूप परत मायक्रोस्कोपवर जाऊन बसली. नागसेन एकच बाटली किती वेळ घासत राहिला, त्याले समजलं नाही.

दोन दिवसांनी, बुधवारी, विजया मॅडम फ्लाय रूममंदी आल्या. नागसेन गॅसजवळ होता. मॅडमनं त्याले बाहेर जा म्हटलं नाही. ते त्याले नंतर लागलं.

"मोनाली, जानेवारीत दोनशे बारापैकी एकही टकली नाही. आता एकशे ऐंशीत एकसष्ट. तेच जीन, तेच तापमान. मी काय समजू?"

"मॅडम, फक्त तीन दिवसांत निघालेल्या माश्याच टकल्या आहेत. आधीच्या नीट, नंतरच्या नीट. त्या कोशात असताना काहीतरी गरम झालं असणार."

"काय गरम झालं? लाइट गेली नाही, कपाट बंद पडलं नाही." मॅडमनं क्लिपबोर्ड काढून टेबलावर ठेवला. "हा माणूस कितीही टवाळ असेल, पण पंधरा वर्षांत याचा चार्ट एक दिवस चुकलेला नाही. अठरा म्हणजे अठरा. मग खोटं काय आहे? आत्ताचे आकडे, की जानेवारीचे?"

मोनाली क्लिपबोर्डवरचे अठरा परत एकदा वाचू लागली.

"जानेवारीत तू एकटीच होतीस. मला विचारावंच लागेल. खरंच मोजल्या होत्यास?"

"गिने थे, मैडम," मोनाली म्हणाली. आवाज अगदी बारीक. "एक-एक।"

"जुलैचं सेमिनार सध्या थांबवते. सोमवारी पीएचडीच्या कमिटीला कळवावं लागेल."

मॅडम गेल्या. मोनालीनं मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, आणि मंग उगीच काढलं, आणि परत घातलं. नागसेनच्या गंजातलं माश्यांचं जेवण तळाले लागलं होतं. पूर्ण खोलीत करपल्याचा वास.

'हा माणूस कितीही टवाळ असेल, पण...' मॅडमनं पंधरा वर्षांत त्याची केलेली ही पहिली तारीफ. जिंदगीत कोणत्या शिवीनं त्याले एवढं झोंबलं नव्हतं.

पण माणूस लाजला म्हणून लगेच सुधरत नाही. त्यातून नागसेन. गुरुवारी दुपारी त्याच्या डोक्यात आयडिया आली. कपाटाच्या मागं एक वायर आहे. थोडी ढिली केली त मशीन कधी थंडं कधी गरम होईन. मेकॅनिक येईन, म्हणीन मशीनच खराब. दोष मशीनचा. ना पोट्टीवर बालंट, ना माह्यावर. एकदम साफ काम.

तो पेचकस घेऊन मागं गेला. मागं जाताजाता काचेतून आत पाह्यलं. मधल्या फळीवर साठ नवीन वायल उभ्या होत्या. प्रत्येकीवर मोनालीच्या बारीक अक्षरात तारीख. तिनं पूर्ण प्रयोग पहिल्यापासून मांडला होता. कोणी सांगतलं नव्हतं. सेमिनार थांबलं होतं, नाव जायच्या वाटेवर होतं, आणि ही पोट्टी परत पहिल्यापासून. वायर ढिली केली त ह्याही जाणार.

नागसेन कपाटाच्या मागं, भिंत आणि मशीनच्या मधात अडकल्यासारखा किती तरी वेळ उभा राह्यला. मंग पेचकस खिशात घातला. रातभर खिशातच होता.

शुक्रवारी सकाळी धोंडबाले डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हातारा एक्क्याऐंशीचा, स्टील प्लांटात तीस वर्षं मीटर पाहणारा. रोज सकाळी बोट टोचून साखर पाहे आणि वहीत लिहे. नागसेन ती वही चाळत बसला. तेरा मेच्या खान्यात लिहिलं होतं, '२८४. खीर ३ वाटी.'

"बाबा, हे कायले लिहिलं? डॉक्टर झापीन."

"झापू दे. खाल्ली त खाल्ली."

पुढं एक खाना कोरा होता. "अन् हे?"

"त्या दिशी पट्टी सरली होती."

"मंग टाकाचं ना अंदाजानं. सव्वाशे, दीडशे. कोण पाह्यते?"

धोंडबानं चष्म्याच्या वरून पोराकडे पाह्यलं. असं पाह्यलं का नागसेन परत दहा वर्षांचा झाला. "अंदाजानं? अबे, अंदाज त डाक्टरले बी येते, मंग वही कायले पायजे? आधी मीटर पायाचं, मंग लिहाचं. नाही पाह्यलं त कोरं सोडाचं. तीस वर्सं कोऱ्या खान्याच्या शिव्या खाल्ल्या म्या. भरलेल्या खान्याची एक नाही खाल्ली."

नागसेननं वही बंद केली. बापाले डॉक्टरकडे नेलं, घरी सोडलं, आणि मोटरसायकल कॉलेजकडे वळवली. रस्त्यात दोन वेळा थांबला. एकदा पाणी पिण्यासाठी, एकदा उगीच.

मॅडमच्या कॅबिनमंदी मोनाली बसली होती. हे बरं झालं का वाईट, त्याले ठरवता आलं नाही. उभ्याउभ्यानं त्यानं सगळं सांगतलं. खीर, दोन गंज, खालची फळी, एकोणतीस.

मॅडम आधी ऐकत राहिल्या. मंग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, थकलेलं.

"बसा, नागसेन. एक एप्रिल होऊन दोन महिने झाले."

"मॅडम, खरं सांगून राहिलो."

"मोनाली तुम्हाला मुलीसारखी आहे, मला समजतं. पण माणूस असा वाचवता येत नाही. खीर! काहीतरी पटेल असं तरी शोधायचं. चार्टवर तुमचीच सही आहे, अठरा."

घ्या. माणसानं जन्मात एकदा खरं बोलावं, आणि लोकांनी पोट धरून हसावं. नागसेनले वाटलं, आता निघून जावं, आपण त सांगतलं. पाय दाराकडे वळलेही. पण खुर्चीत मोनाली बसली होती, आणि ती हसत नव्हती.

तो फ्लाय रूममंदून क्लिपबोर्ड घेऊन आला. "आज तारीख काय, मॅडम?"

"तीस मे."

त्यानं वरचं पान काढलं आणि खालचे एकेक टेबलावर मांडत गेला. "हा जूनचा पहिला आठवडा. अठरा, अठरा, अठरा. हा दुसरा. हा पाहा जुलै. वीस जुलैले रविवार हाय, पण संध्याकाळी मी येऊन पाहणार हाय. अठरा." निळा पेन, काळा पेन, तिरपी सही, सरळ सही, आणि तेरा जुलैच्या पानावर चहाचा डाग.

मॅडमनं जुलैचं पान हातात घेतलं. खाली 'तपासले' लिहिलं होतं, आणि त्याच्या पुढं, जांभळ्या शाईत, विजया मॅडमची स्वतःची सही. एप्रिलमंदी नागसेननं गठ्ठा पुढं केला होता, मॅडम फोनवर होत्या, न पाहताच सह्या करून दिल्या. त्यांनी ते पान दोन वेळा पाह्यलं आणि पालथं ठेवलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. नागसेनले या गोष्टीची गंमत वाटाले पाह्यजे होती. पंधरा वर्षांत एवढा मोठा डाव कधी पडला नव्हता. पण पोटातून हसूच उठेना.

मोनाली पहिल्यांदा बोलली.

"मी तुमाले विचारलं होतं."

"हो बाई."

"लाइट गेली होती का, विचारलं होतं. तुमी म्हटलं चार्ट पाहा."

"हो."

"मैं घर जाके दो रात सोची, के मैंने ही गिनने में गलती की।" तिचा आवाज फाटला नाही, हेच वाईट. "दोनशे बारापैकी किती मी खरंच पाह्यल्या, मलेच डाउट आला."

नागसेन टेबलावरचे पानं एकावर एक रचू लागला.

मॅडम हळू म्हणाल्या, "कमिटीला आता वेगळं पत्र जाईल. तुमचं नाव येईल, नागसेन. माझंही. मोनाली, तुझे जानेवारीचे आकडे—"

"नाही, मॅडम." मोनाली उभी राहिली. "यांनी सांगितलं म्हणून कमिटी का मानेल? कबुली म्हणजे डेटा नाही. खिरीनं कपाट किती गरम होतं, किती वेळ राहतं, मोजावं लागेल. आणि त्यानं माश्या टकल्या होतात का, तेही." मंग नागसेनकडे वळली. "तेवढंच दूध, तेवढेच गंज. आठ जूनले माह्ये नवीन कोश बराबर वयाचे होतात. रविवार हाय. तुमी खीर रांधून आणा, नागसेनजी."

काका नाही. नागसेनजी. त्या 'जी'चा मार कानाखालच्या मारापेक्षा जोराचा बसला.

बिनसणाची पंचवीस लिटर खीर रांधाची म्हणजे रुक्माबाईले कारण सांगणं आलं. सांगतलं. रुक्माबाईनं झारा खाली ठेवला.

"म्हणजे तुनं आमाले माश्यांसंग निजलेली खीर चारली?"

"झाकण होतं, रुक्माबाई."

"झाकणाचं नको सांगू मले! अन् त्या पोट्टीनं बी दोन वाट्या खाल्ल्या ना? स्वतःच्या हातानं स्वतःचंच वाटोळं वाढून घेतलं म्हण तिनं. तू वाढत होता, अन् मी तुले शाबासकी देत होती." मंग थोड्या वेळानं, एरवी कधी नसते अशा हळू आवाजात, "ठेवाची आयडिया माहीच होती, नाही?"

"नाही. तुमी फ्रीज म्हटलं होतं. कपाट माह्यं."

दोघांनी न बोलता खीर रांधली. या वेळी चव पाहाले कोणी चमचा पुढं केला नाही.

आठ जूनले सकाळी सात वाजता गरमागरम गंज कपाटात गेले. मोनालीनं वायलच्या मधात एक साधा पाऱ्याचा थर्मामीटर टांगला, नागसेनच्या हातात एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, "दर तासाले. संध्याकाळी नऊपर्यंत." आणि बाजूच्या खोलीत लिहाले बसली.

नागसेन स्टूलवर बसला. आठ वाजता पाह्यलं, एकवीस. लिहिलं. परत पाह्यलं, एकवीसच होते. नऊले तेवीस. दहाले पंचवीस. बाराले अठ्ठावीस. पंधरा वर्षं तो या काचेसमोर उभा राह्यला होता, आणि पारा चढताना त्यानं आज पहिल्यांदा पाह्यला. आत कोश शांत चिकटून होते. त्यांच्या आत घंट्या ढेपाळत असतील. कोणी कोणाले काही सांगून राहिलं असन आणि ते पोचत नसन. आपल्या पेननं लिहिलेल्या प्रत्येक आकड्यासंग त्याले वाटे, हे आपण तवाच पाह्यलं असतं त.

एकले एकोणतीस. मंग पंख्याची गरम हवा, रातीची न झालेली झोप, आणि इलायचीचा वास. डोया उघडला तवा घड्याळात तीनले दहा कमी.

त्यानं कागदाकडे पाह्यलं. दोनचा खाना कोरा. एकले एकोणतीस, आता एकोणतीस, म्हणजे दोनलेही एकोणतीसच असणार. हे बीएस्सीचं पोट्टंही सांगीन. पेन खान्यावर टेकला. निळा पेन.

टेकून राह्यला. मंग त्यानं पेनाचं टोपण लावलं.

संध्याकाळी मोनालीनं कागद घेतला. एकेक आकडा पाह्यला. दोनच्या खान्यावर थांबली.

"हे?"

"डोया लागला होता."

तिनं कोऱ्या खान्यावर बारीक रेघ मारली आणि बाजूले आपली सही केली.

दहा दिवसांनी माश्या निघाल्या. दोनशे चार माश्या, त्यातल्या बहात्तर टकल्या. तशाच, त्याच वयाच्या. मॅडम स्वतः दुसऱ्या मायक्रोस्कोपवर बसल्या आणि प्रत्येक माशी पाह्यली. कमिटीले पत्र गेलं. नागसेनले मेमो आला, सहा महिने त्याच्या कामावर नजर राहीन म्हणून. मॅडमनं आपलं स्पष्टीकरण स्वतः लिहून दिलं, त्यात काय होतं ते कोणाले समजलं नाही.

सेमिनार जुलैच्या शेवटी झालं. नागसेन मागच्या रांगेत, दाराजवळ बसला. मोनालीनं जानेवारीचे दोनशे बारा दाखवले, मेच्या एकसष्ट दाखवल्या, आणि मंग पडद्यावर त्याचा तो कागद आला. दहा फूट मोठा. खाली त्याची सही, सरळ. हॉलमंदले जुने पोट्टे मागं वळून त्याच्याकडे पाहाले लागले, तोंडावर हसू. आता नागसेन काहीतरी करणार, असं त्यांले वाटलं. बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, "दो बजे का रीडिंग क्यों नहीं है?"

"उस वक्त लिया नहीं गया था, सर।"

"एकोणतीसच असेल ना?" विजया मॅडम हळूच म्हणाल्या, जसं काही स्वतःलेच.

"शायद," मोनाली म्हणाली. "पर देखा नहीं था।"

नागसेननं खाली पाह्यलं. त्याच्या चपलेच्या अंगठ्याजवळचा टाका उसवला होता. तो टाका त्यानं बराच वेळ पाह्यला. कुर्त्याचं उदाहरण मोनालीनं दिलं नाही.

सेमिनार झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोनालीची माय रडली, चहा-समोसे झाले. नागसेन फ्लाय रूममंदी येऊन माश्यांसाठी मक्याचं पीठ चाळू लागला. थोड्या वेळानं मोनाली पुस्तकं घ्याले आत आली. क्लिपबोर्डजवळ थांबली. आता त्याच्यावर एकच पान लागे, त्याच आठवड्याचं.

"चार्ट भरला का?"

नागसेननं घड्याळाकडे पाह्यलं.

"सकाळचा भरला. संध्याकाळचा बाकी हाय." मंग म्हणाला, "अजून संध्याकाळ झाली नाही."

मोनालीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. ते हसू होतं का नाही, नागसेनले कळलं नाही. तो पीठ चाळत राह्यला.